कॉन्टेसाचं डावं दार

गाडीला गंज बाहेरून लागतो असं समजणाऱ्या लोकांवर माझं पोट चालतं. गाडी पावसात उभी होती म्हणून गंजली, असं सांगत ते येतात. पाऊस पत्र्यावरून वाहून जातो हो. गंज धरतो तो दाराच्या आत, तळाशी. काचेच्या कडेनं पाणी दारात उतरतं. ते बाहेर पडावं म्हणून खाली तीन-चार बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीनं आणि पाल्यानं बुजतात, आणि दार आतून महिनोन्‌महिने ओलं राहतं. बाहेर रंगाला फोड आलेला दिसतो तोवर आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. बोट लावलं की आरपार.

मी डेंटर आहे. बनारसमध्ये, गेली आठ वर्षं. चेपलेला पत्रा सरळ करायचा, सडलेला कापून नवा जोडायचा, हे माझं काम. बाई आणि डेंटर, हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी त्या खाली आणाव्यात. पुढे बरंच सांगायचं आहे. कामाखेरीज आम्ही काही जण गॅरेजमधल्या कामगारांना डोळ्यांवर काच आणि नाकावर मास्क मिळावा म्हणून पत्रकं काढतो. ती लिहायचं काम माझ्याकडे. त्यामुळे माझं सगळंच लिहिणं भांडल्यासारखं होतं, असं या अंकाचे संपादक म्हणाले. असेल. मागणी न करता आमच्या लोकांना आजवर काय मिळालंय?

धंदा थोडक्यात सांगते. पत्रा हातोडीनं सरळ होतो असं लोकांना वाटतं. तो होतो मागच्या बाजूनं धरलेल्या लोखंडी ठोकळ्यामुळे. त्याला डॉली म्हणतात. उजव्या हातानं मारायचं आणि डाव्या हातानं ऐकायचं, असं माझे उस्ताद सांगत. पहिली दोन वर्षं त्यांनी मला हातोडी दिली नाही, नुसती डॉली धरायला लावली. जे डेंटर इतकं थांबत नाहीत ते पुट्टी भरतात, तुमच्याकडे जिला लांबी म्हणतात ती. खड्डा पुट्टीनं भरा, घासा, रंग मारा, गिऱ्हाईक खूश. दोन पावसाळ्यांनी पुट्टीचा पोपडा हातात येतो. पुट्टीच्या विरोधात मी जितकं बोललेय तितकं सरकारच्या विरोधातसुद्धा बोलले नसेन.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक निवृत्त मास्तर फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन यायचे आणि काम झाल्यावर सबंध गाडीवर फिरवायचे. पुट्टी असेल तिथं चुंबक चिकटत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या कामावर त्यांचा आंबा कधी पडला नाही. ही बढाई आहे आणि मी ती मारणार. दुसरे एक गृहस्थ मागचं मडगार्ड चेपलेली गाडी घेऊन आले. गल्लीत सांडानं शिंग मारलं, अशी सविस्तर हकिकत त्यांनी ऐकवली. उस्तादांनी खोल, सरळ रेघ पाहिली, त्यातला हिरवा रंग नखानं खरवडला आणि सांडाला हिरवं फाटक कधीपासून फुटलं, असं विचारलं. गृहस्थ स्वतःच्याच घराच्या फाटकावर गाडी घालून आले होते आणि बायको शेजारी उभी होती.

पण ज्या कामाबद्दल मला लिहायचंय ते गॅरेजमधलं नाही, घरचं आहे. त्यात मी वाईट वागले.

माझ्या काकांकडे कॉन्टेसा होती. लांब नाक, रुंद छाती, चालली की मागचा भाग जमिनीला दाबून धरणारी. हल्लीची मुलं तिला आपल्याकडची मसल कार म्हणतात. काका बँकेत होते, सिगऱ्याला, म्हणजे बनारसच्या नव्या वस्तीत, त्यांचं घर. आमचं घर बालाजी घाटावर, जिथं सायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. त्यामुळे लहानपणी गाडी म्हणजे काय ते मला सिगऱ्यालाच कळलं. दर रविवारी मी तिकडे. काका गाडी धुवायचे, मी पाइप धरायची. पुढे त्यांनी मला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं. त्यांचा स्वतःचा मुलगा, सारंग, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला शिकायला पुण्याच्या हॉस्टेलात ठेवलेलं. म्हणजे रविवारचे काका माझे होते, असं मी धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं.

काका गेले आणि गाडी निंबाखाली उभी राहिली. दारात पाला साठला. बाकीचं वर सांगितलंच आहे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकूनं घर विकायचं ठरवलं. मला बोलावून ती म्हणाली, "मीरा, ये बघ, दसऱ्यानंतर मी इथं नाही. सारंगकडे पुण्याला चालले. गाडी धडपणे रस्त्यावर चालली तर तो घेऊन जाईल, नाहीतर कबाडीवाल्याला मी हो म्हणून बसलेय. नव्या मालकाला ती दारात नकोय."

मी म्हटलं, मी करते. काकू म्हणाली, सारंगही येतोय, दोघं मिळून करा. घरूनच काम करतो तो, लॅपटॉप कुठंही उघडता येतो.

सारंग आला तो वेल्डिंगचं नवं कोरं मशीन घेऊन. खोक्यातून त्यानं ते काढलं तेव्हा त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. इतकी वर्षं मी उस्तादांच्या जुन्या मशीनवर काम केलंय, ज्याला दर तासानं विश्रांती द्यावी लागते आणि ज्याची उघडी पडलेली तार धरायचं फडकं रोज बदलावं लागतं. ह्यानं वर्षभर व्हिडिओ पाहून, भंगारातल्या पत्र्यावर हात बसवून, सुट्टीचा छंद म्हणून हे मशीन घेतलं होतं. त्या मशीनकडे मी कुठल्या नजरेनं पाहिलं ते मला आठवतं. आणि मग काकूनं कपाटातून काकांचा खाकी शर्ट काढला, गाडी धुताना ते घालायचे तो, आणि सारंगला दिला. त्याला तो खांद्यात अगदी बरोबर बसला. मी कधी मागितला नव्हता, हे खरं. पण दिलाही नव्हता कुणी.

तो मला आदरानं विचारायचा, हेही सांगायला हवं. "ताई, इथं किती कापू? ताई, हे चालेल का?" मी सांगायची, तो करायचा, आणि दर वेळी मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं करायचा. माझ्या मराठीला मात्र हसायचा. मी म्हटलं, मास्क पेहेरून घे, की तो म्हणायचा, "ताई, मास्क लावतात. पेहेरतात ती पैठणी." काकूही हसायची. तीसुद्धा आयुष्यभर माझ्यासारखीच बोलत आलेली.

काम असं वाटलं गेलं. गाडीचा सांगाडा सिगऱ्यालाच राहणार, तो सारंगकडे. त्यात मुख्य म्हणजे पुढच्या डाव्या दाराचा खांब. दार ज्या उभ्या खांबाला बिजागऱ्यांनी टांगलेलं असतं तो खालून सडला होता, तेवढा कापून नवा जोडायचा. दारं, बॉनेट आणि मडगार्डं माझ्याकडे. पण शेजारी कोचिंग क्लास. दोन दिवस हातोडी वाजल्यावर ते लोक भांडायला आले. म्हणून मी माझे पत्रे घरी न्यायचं ठरवलं. बालाजी घाटाला घंटा, भोंगे, शंख चालूच असतात. तिथं हातोडीचं कुणाला काय.

दारं ई-रिक्षानं दशाश्वमेध घाटापर्यंत आणि तिथून नावेनं. नावेत आडवी घातलेली चार दारं, दोन मडगार्डं आणि वर बॉनेट. वाटेत मणिकर्णिकेचं स्मशान लागलं तेव्हा नाववाल्यानं वल्हं थांबवून, हिलाही इथंच उतरवायचं का, म्हणून विचारलं. मग घाटाच्या पायऱ्यांवरून एकेक दार पाठीवर. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, खालच्या खोलीत पोथ्यांचं कपाट असतं. ठिणग्या उडणार म्हटल्यावर त्यांनी कपाटाला ओल्या पोत्यांचा पडदा केला आणि स्वतः वर जाऊन बसले. माझ्यावर ते एका शब्दानं रागावले नाहीत, फक्त संध्या करताना अधूनमधून खोकायचे.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण सगळं त्यावर आहे. सुटं दार कितीही सुंदर झालं तरी ते बरोबर झालं की नाही, ते गाडीवर टांगल्याशिवाय कळत नाही. नवा पत्रा नुसता टाके घातल्यासारखा चार ठिकाणी जोडायचा, दार गाडीवर नेऊन लावून पाहायचं, फट सगळीकडे सारखी आली की मगच पुरतं जोडायचं. पत्रा पातळ असतो. तापला की ओढला जातो. म्हणून वेल्डिंगचा एक टिपका इथं, एक तिकडच्या टोकाला, मध्ये थंड होऊ द्यायचं. पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी स्वतः चार जणांना शिकवलंय.

श्रावणात गंगा चढली. शेजारच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या, नावा बंद झाल्या, आणि पाणी खालच्या खोलीच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा मी सगळे पत्रे गच्चीवर चढवले. सारंगचा फोन आला, "ताई, दारं आणतेस का? एकदा लावून बघू." मी म्हटलं, पाणी चढलंय, नाव बंद आहे. खरंच होतं. आठवड्यानं पुन्हा फोन. तेव्हाही खरं होतं. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं तेव्हा पाणी उतरून पाच दिवस झाले होते, नावा माझ्या डोळ्यांसमोर ये-जा करत होत्या, आणि मी त्याला तेच उत्तर दिलं.

का? मला त्याच्यापुढे अर्धवट काम न्यायचं नव्हतं. चार टाक्यांवर लोंबणारं दार त्यानं पाहावं, आपल्या पुणेरी मराठीत काही सुचवावं, आणि ते नेमकं बरोबर निघावं, हे मला सहन होणार नव्हतं. मला पुरं झालेलं दार त्याच्यापुढे ठेवायचं होतं. त्याच दुपारी त्यानं खांबाचा फोटो पाठवला होता. जोड घासून इतका साफ केलेला की शोधावा लागत होता. खाली लिहिलं होतं, 'ताई, पास?' मी उत्तर दिलं नाही. गच्चीवर गेले, दोन पाटांवर डावं दार आडवं टाकलं आणि तळाचा जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात ओढला. मध्ये थांबले नाही.

दार दिसायला देखणं झालं. घासून हात फिरवला तर नव्या-जुन्या पत्र्याची सीमा लागत नव्हती. पुट्टीचा कण नाही. बाकीची तीन दारं त्याआधीच टिपक्या-टिपक्यानं झाली होती. दसऱ्याला बारा दिवस असताना मी सगळं नावेनं परत नेलं.

तीन दारं बसली. डावं पुढचं बसेना. वर टेकत होतं आणि खालचा कोपरा दोन बोटं बाहेर. सारंगनं बिजागरी सैल केली, सरकवली, पुन्हा आवळली. दोन बोटं ती दोन बोटंच.

मी म्हटलं, खांब तिरका जोडलास तू.

तो फूटपट्टी आणायला गेला. मी घरी निघाले आणि रिक्षातच मोबाइल काढला. आमचा कुटुंबाचा ग्रुप आहे, पुणे, नागपूर, बनारस मिळून तीसेक माणसं, आणि सगळ्यांना काकांच्या गाडीची उत्सुकता. तिथं मी लिहिलं: 'दार का बसत नाही: सात मुद्दे'. पहिला मुद्दा, व्हिडिओ पाहून डेंटर होता येत नाही. दुसरा, खांब ही गाडीचा कणा असलेली जागा असून ती नवशिक्याच्या हाती देण्यात आली. असे सात. शेवटचा मुद्दा होता की गाडी कबाडात गेली तर जबाबदार कोण, हे नोंदवून ठेवावं. पत्रकं लिहायचा हात आहे माझा. मुद्देसूद लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा सारंग दूध आणायला गेला होता. मी सुतळी घेतली आणि दाराच्या रिकाम्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी ताणून मोजली. मग उजव्या बाजूला तेच. उजवा खांब मूळचा, कुणी हात न लावलेला. दोन्हीकडे सुतळी तंतोतंत सारखी आली. पुन्हा मोजली. मग काढून ठेवलेलं डावं दार काकूच्या जेवणाच्या टेबलावर उताणं ठेवलं आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. दार डुगडुगलं. पीळ बसला होता त्याला, माझ्या त्या एका दमात ओढलेल्या जोडानं.

दार मी परत गाडीपाशी नेऊन टेकवून ठेवलं.

सारंग आला. ग्रुपवरचं त्यानं वाचलेलं दिसत होतं. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मी तयार होते. तो म्हणाला, "ताई, मी रात्री खूप मोजलं, मला काही कळेना. पण तू म्हणतेस तर खांबच असणार. कापून परत जोडतो."

काकूनं मला चहा दिला. मी घेतला. त्यानं खडूनं खांबावर रेघ मारली, गॉगल लावला, मास्क लावला. पत्रकात लिहिलेलं सगळं पाळणारा तो मला पहिला भेटला. ग्राइंडर चालू झाला. मी कप खाली ठेवला नाही. मला वाटत होतं की मी आता बोलेन, आणि मी बोलत नव्हते. पातं पत्र्यात शिरल्याचा आवाज बदलतो, तो मला कुठंही ओळखू येतो. बोटभर कापून झालं होतं तेव्हा मी उठून स्विच बंद केला.

"काय झालं?"

"खांब बरोबर आहे."

"तू तर लिहिलंयस..."

"लिहिलंय. दार चुकलंय. माझं."

त्यानं गॉगल कपाळावर घेतला. "कधी कळलं तुला?"

"सकाळी. तू दुधाला गेलास तेव्हा."

तो ग्राइंडर खाली ठेवून त्या कापाकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी रेघ मारत होतो तेव्हा तू चहा पीत होतीस."

"हो."

"बाबांची गाडी आहे ती, ताई."

मला म्हणायचं होतं, माझीपण आहे. म्हटलं नाही. नाव चालू असताना बंद म्हणून सांगितलं तेही सांगून टाकलं. काकू दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. ती कप उचलून आत गेली. सारंग निंबाखाली जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. परत आला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "रंगवाल्याला आठ दिवस लागतात. आज-उद्यात दार व्हायला पाहिजे. काय करायचं ते सांग."

माझा तो देखणा जोड मीच कापून काढला. दार गाडीवर टांगलं, सारंगनं गुडघा आणि दोन्ही हात लावून ते चौकटीत दाबून धरलं, आणि त्याच्या मशीनवर मी टिपका टिपका करत जोडलं. ते मशीन फार सुंदर चालतं. त्याचा हेवा मला त्या घटकेलाही वाटला. एक टिपका दिला की थांबायचं, थंड होऊ द्यायचं. दोन दिवस गेले त्यात. थांबताना बोलण्यावाचून दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपण होऊन म्हणाला, "बाबा दर रविवारी संध्याकाळी फोन करायचे. आज मीरानं गिअर छान टाकला. आज मीरानं गाडी फाटकातून एकदाच्यात बाहेर काढली. मी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकायचो. इतका राग यायचा मला तुझा."

यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

खांबावरचा बोटभर काप त्यानं स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. रंग झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कबाडीवाला विचारायला आला तेव्हा काकू पुढच्या डाव्या सीटवर डबे मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दार ओढलं आणि ते एकदाच्यात लागलं. गाडी पुण्याला गेली. मधे कुठं काही झालं नाही.

पुण्यात पोचल्याचे फोटो ग्रुपवर आले. त्याखाली एका आत्यानं लिहिलं, 'सारंगनं बिघडवलेलं मीरानं निस्तरलं, शेवटी अनुभव तो अनुभव.' मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सारंगनं त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं, आणखी काही लिहिलं नाही. काकूही काही बोलली नाही. मी मोबाइल पालथा ठेवला आणि कामाला लागले. त्याला वर्ष झालं. या वर्षात मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर पाच पत्रकं काढली.

तर नोंदवून ठेवावं. सातही मुद्दे खोटे होते. खांब सरळ होता, दार मी पिळवटलं होतं, आणि ते माहीत असताना मी त्याला कापू दिलं. हा अंक काकूच्या पुण्याच्या पत्त्यावर जाईल. तिला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, जेवणं झाली की सारंग तिला वाचून दाखवतो.